मांजर ऑन द पडदा

शाळेला सुट्टी लागली की रिकाम्या वर्गात पोपटमास्तर इंग्रजी शिकवायचे, तेव्हाची ही गोष्ट.

खुर्चीच्या पाठीवर बसून मास्तर ओरडले, "ऑन म्हणजे वर!"

छताला उलटी चिकटलेली पाल म्हणाली, "मग मी ऑन द छत ना?"

"तू छताच्या खाली आहेस. ढ कुठली!"

तेवढ्यात मास्तरांच्या मागच्या पडद्याला नख्या रोवून मांजर चढू लागलं.

"मास्तर, मांजर ऑन द पडदा!"

मास्तरांनी मान उंचावून पडद्याची दांडी पाहिली. "वर कुठंय? चूक! दहा वेळा लिही."

मांजराने झेप घेतली. मास्तर कसेबसे उडाले, पण शेपटी मांजराच्या तोंडात राहिली.

"ऑन म्हणजे... चिकटलेलंसुद्धा," मास्तर हुंदके देत म्हणाले.

पाल चुकचुकली. "मास्तर, माझी शेपटी तुटली तरी परत येते. तुमची येते का हो?"