ठकूबाईची चिठ्ठी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगणारे सांगत आले, ऐकणारे ऐकत आले, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

एक राज्य होते. तिथे गावोगावी पत्रे घेऊन जासूद धावत, आणि प्रत्येक पत्रावर एक इवलेसे कागदी तिकीट चिकटवावे लागे. पहिल्या राजाने काढलेल्या तिकिटावर निळे हरण होते. तेव्हा ते दोन पैशांना मिळे. पत्र वाचून झाले की लोक पाकीट खुशाल चुलीत घालत. त्यामुळे झाले असे, की तीन पिढ्यांनी अख्ख्या राज्यात निळी हरणे शे-पन्नासच उरली, आणि त्या दोन पैशांच्या कागदासाठी माणसे मोहरा मोजू लागली. हौसेला मोल नसते, म्हणतात ते काही खोटे नाही.

दर साली दसऱ्यानंतर राजधानीत जुन्या तिकिटांचा लिलाव होई. पारख्याची चिठ्ठी जोडल्याशिवाय कुठलेही तिकीट लिलावात येत नसे. पारखी तिकीट उजेडात धरी, किनार चारी बाजूंनी अखंड आहे का ते बघे, कागद कुठे पातळ झालाय का, टपालाचा शिक्का चित्रावर किती पसरलाय, हे सगळे पाही आणि चिठ्ठीवर लिही: अव्वल, चांगले, बरे किंवा दुखावलेले. अव्वल तिकिटाला शंभर मोहरा मिळाल्या, तर तेच दुखावलेले असल्यास पाचसुद्धा मिळत नसत. म्हणजे बघा, सारा भाव त्या एका शब्दावर.

हा शब्द लिहिणारी होती ठकूबाई. नाव ठकू, पण जन्मात तिने कुणाला ठकवले नव्हते. पंचवीस वर्षे ती पारख्याच्या गादीवर बसली होती. तिच्या चिठ्ठीवर लोक डोळे मिटून बोली लावत.

त्या साली लिलावात एक अपूर्व वस्तू आली. छापताना एका तिकिटावरचे हरण चुकून उलट्या तोंडाचे उमटले होते. तसे ते जगात एकच. राज्याच्या दिवाणांनी ते कधीकाळी विकत घेतले होते आणि आता विकायला काढले होते. सोबत वीस वर्षांपूर्वीची ठकूबाईची चिठ्ठी होती. तीवर लिहिले होते: अव्वल.

राजा तरुण होता आणि तिकिटांचा वेडा होता. ते हरण तो घेणार, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. मोहरा कुठून आणणार, हेही ठाऊक होते. नदीवर पूल बांधायला दोन हजार मोहरा खजिन्यात वेगळ्या काढल्या होत्या. दर पावसाळ्यात तिथे नाव उलटून माणसे जात. पण राजापुढे बोलणार कोण?

लिलावाआधी आठ दिवस तिकिटे दरबारात मांडून ठेवत. ठकूबाई सहज बघायला गेली. खिडकीतून कलते ऊन येत होते आणि ते नेमके उलट्या हरणावर पडले होते. ठकूबाई पुढे गेली आणि जागच्या जागी थांबली.

कागदाचे बारीक तंतू उभे होते. खालच्या डाव्या कोपऱ्यात मात्र ते आडवे होते. तो कोपरा त्या तिकिटाचा नव्हताच. कुण्या निष्णात हाताने दुसऱ्या तिकिटाचा कोपरा कापून, पेज लावून तिथे बेमालूम बसवला होता. वीस वर्षांपूर्वी तिने ते पाहिले होते दिव्याच्या सरळ उजेडात, आणि तिला तेव्हा काही दिसले नव्हते.

ती तडक दिवाणांच्या वाड्यावर गेली.

"दिवाणजी, तुमच्या तिकिटाचा कोपरा जोडलेला आहे. मी चुकले होते. माझी चिठ्ठी मला परत द्या."

दिवाण म्हणाले, "मी ते तुमच्या शब्दावर घेतलं, ठकूबाई. आठशे मोहरा मोजल्या. आता तुम्ही शब्द फिरवणार आणि बुडणार मी?"

"तुमचं नुकसान माझ्यामुळे झालं. ते मी भरून देईन, जन्मभर लागला तरी. पण तो खड्डा राजाच्या पैशानं बुजवू नका. ते पैसे पुलाचे आहेत."

"तुम्हाला खोटं बोलायला कोण सांगतंय?" दिवाण हसले. "नुसतं गप्प बसा. आणि कायदा विसरू नका. ज्याची चिठ्ठी चुकीची ठरेल, त्यानं गादी सोडायची. तुम्ही खऱ्या ठरलात तरी हाकलल्या जाल. मग हा खटाटोप कशासाठी?"

ठकूबाई घरी आली. तिचा नवरा वह्या बांधण्याचे काम करी. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "वीस वर्षांत कुणाला दिसलं नाही ते."

"अहो, मला दिसलं ना."

"लोक म्हणतील, पंचवीस वर्षं ही बाई काय बघत होती?"

"म्हणू देत. पण राजाला मी जाणूनबुजून फसवलं असं माझं मन म्हणायला लागलं, तर त्याला कसं गप्प बसवू?"

नवऱ्याने हातातली सुई खाली ठेवली. "मग जा," तो म्हणाला. "आणि उभी राहून बोल. बसून बोललीस तर मागच्यांना ऐकू जायचं नाही."

लिलावाच्या दिवशी दरबार खच्चून भरला होता. किरकोळ तिकिटे विकली गेली. मग पुकारणाऱ्याने उलटे हरण वर धरले आणि खणखणीत आवाजात वाचले, "प्रत अव्वल. पारख ठकूबाईंची. बोली एक हजारापासून."

"ती चिठ्ठी माझी आहे," मागून आवाज आला, "आणि ती चुकीची आहे."

सगळ्या माना वळल्या. ठकूबाई उभी होती.

दिवाण शांतपणे म्हणाले, "महाराज, बाईंचं वय झालंय. नजर अधू झाली आहे."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "ठकूबाई, तेव्हा चुकलात की आता चुकताय, हे आम्ही कसं ओळखायचं?"

"तिकीट पाण्यात ठेवा, महाराज. शाई पक्की आहे, खऱ्या कागदाला काही होणार नाही. पेजेनं चिकटवलेलं तेवढं सुटेल."

"माल माझा आहे," दिवाण म्हणाले. "तो भिजवायला माझी परवानगी नाही."

"ठीक आहे," राजा म्हणाला. त्याची नजर हरणावरून हलत नव्हती. "मालकाची मर्जी नाही, विषय संपला. खाली बसा, ठकूबाई."

ठकूबाई खाली बसली नाही. गर्दीतून वाट काढत ती चौथऱ्यापाशी गेली. पुकारणाऱ्याच्या हातातली चिठ्ठी तिने घेतली, त्याचाच बोरू शाईत बुडवला आणि 'अव्वल' या शब्दावर आडवी रेघ ओढली. खाली लिहिले: दुखावलेले. त्याखाली आपले नाव लिहिले.

"माल दिवाणजींचा असेल," ती म्हणाली. "शब्द माझा आहे. तो विकायला माझी परवानगी नाही. महाराज, आता हवं तर घ्या, पण माझ्या नावावर घेऊ नका. पुलाचे पैसे देऊन घेताय, ते तुमच्या नावावर घ्या."

पुलाचे नाव दरबारात आजवर कुणी काढले नव्हते. राजा लाल झाला. मग त्याने समोरच्या माणसांकडे पाहिले. त्यांत नदीपलीकडचेही होते. त्यांतला एकही जण मान खाली घालत नव्हता.

राजाचा आवाज खाली आला. "पाण्याचं भांडं आणा. दिवाणजी, कोपरा टिकला तर दुप्पट किंमत देतो."

आता दिवाणांना नाही म्हणता येईना. हरण पाण्यात ठेवले. घटकाभर काही झाले नाही, तेव्हा दिवाणांच्या चेहऱ्यावर हसू आले. मग डावा कोपरा हळूच सुटला आणि तरंगत भांड्याच्या काठाला लागला.

बोली कुणीच लावली नाही. त्या वर्षी मोहरा खजिन्यातच राहिल्या आणि पुढच्या वर्षी पुलाच्या पायाला लागल्या.

पण कायदा तो कायदा. ठकूबाईने गादीवरून आपली बैठक गुंडाळली, भिंग पदरात बांधले आणि ती घरी गेली. गादीवर नवा पारखी बसला. त्याच्या चिठ्ठ्या सुंदर अक्षरात असत. तरी घेणारे विचारू लागले, "ठकूबाईंनी पाहिलंय का?"

लोक दाम मोजून तिकिटे पारखून घ्यायला तिच्या ओट्यावर येऊ लागले. तिने दवंडी पिटवली: माझी कुठलीही जुनी चिठ्ठी तिकिटासह घेऊन या, पुन्हा फुकट तपासून देते. शेकडो चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या तीन चुकीच्या निघाल्या. त्या तिन्ही तिने सगळ्यांसमोर खोडल्या. उरलेल्या तिकिटांचे भाव दीडपट झाले.

तिच्या कमाईतला निम्मा हिस्सा दर वर्षी दिवाणांकडे जाई. दोन वर्षे त्यांनी तो मुकाट्याने घेतला. तिसऱ्या वर्षी ते स्वतःच ओट्यावर आले. त्यांच्या हातात आपल्या सगळ्या तिकिटांची पेटी होती.

"एवढी बघून द्या," ते म्हणाले. "काय असेल ते लिहा."

"जे असेल तेच लिहीन," ठकूबाई म्हणाली आणि तिने त्यांना बसायला पाट दिला.

त्याच साली राजाने कायदा बदलला. स्वतःची चूक स्वतः सांगणाऱ्या पारख्याची गादी जाणार नाही, असे ठरले. ठकूबाईला परत येण्याचा निरोप गेला. तिने उलट निरोप धाडला, की गादी नव्या पारख्यालाच राहू द्या. ओट्यावर उजेड चांगला येतो.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: जो आपली चूक चारचौघांत आपल्या हाताने खोडतो, त्याच्या शब्दाचा भाव कुणालाच पाडता येत नाही.