पुढच्या रांगेत आई

“तेवढी दहा मिनिटं ठेवू की गाळू? एवढंच सांगा.”

शार्दूल कणसे हे तिसऱ्यांदा विचारत होता. समोर ओसरीवर त्याच्या घराशेजारचे निवृत्ती मावशी अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते.

मावशी म्हणजे चांगला पुरुष माणूस. तमाशाच्या गवळणीत अडतीस वर्षं मावशीचं सोंग केलं, म्हणून सगळं गाव त्यांना मावशीच म्हणतं. फड सोडल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते भरघोस मिशा वाढवण्याचं. नावात काही फरक पडला नाही.

शार्दूल पुण्यात स्टँड-अप करतो. म्हणजे हातात माईक घेऊन एकटाच उभा राहतो आणि घरात जे कुणी बोलत नाही ते चारशे लोकांसमोर बोलतो. तिकिटं संपतात. मोबाइलवर लाखो लोक बघतात. आज संध्याकाळी साताऱ्यात, त्याच्या स्वतःच्या गावात, त्याचा पहिला कार्यक्रम होता.

“कशावर हायत ती धा मिनिटं?”

“विधवांवर. त्यांच्या... म्हणजे, शरीराच्या गरजांवर. मावशी, या विषयावर आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही. मी पहिला. मागच्या महिन्यात बारा लोक उठून गेले!”

हे सांगताना त्याची छाती चांगली दोन इंच फुगली.

“मग गाळायचं कशापायी?”

शार्दूलची छाती पुन्हा जागेवर आली.

“आज आई येतेय. पहिल्यांदाच. पुढच्या रांगेत बसणार आहे.”

“बरं.”

“बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.”

अडकित्ता थांबला.

“ती उठून गेली तर... मावशी, बाराशे लोक गेले तरी चालतील मला. ती गेली तर मी पुन्हा माईक धरू शकणार नाही.”

मावशींनी सुपारी तोंडात टाकली आणि उठले.

“चल माज्यासंगं.”

मागच्या अंगणात चार बायका उडदाचे पापड लाटत होत्या. चौघीही साठीच्या पुढच्या. चौघींचेही नवरे गेलेले.

“बायांनो,” मावशी म्हणाले, “ह्ये पोरगं तुमच्यावर इनोद करतंय. ऐका जरा.”

शार्दूल दोन पावलं मागे सरला. पण बारा जणांना पळवून लावलेला गडी, माघार कशी घेणार? त्याने सवयीने मूठ तोंडाशी धरली, जणू हातात माईकच आहे.

“आपल्याकडे विधवा म्हणजे बंद पडलेलं पोस्ट ऑफिस! पाटी आहे, पेटी आहे, पण कुणी पत्र टाकायचं नाही!”

चारही लाटणी थांबली...

“आमचं पोस्ट चालू हाय की,” एक बाई म्हणाली. “पेन्शन तितंच येती.”

लाटणी पुन्हा सुरू झाली. कुणी रागावलं नाही, कुणी उठूनही गेलं नाही. त्याला तेच जास्त लागलं.

“मी सांगू का एक?”

हौसाबाई बोलली. पिठाचा गोळा तिच्यापुढे होता, त्यामुळे तिथला सगळा अधिकारही तिचाच.

“आमचे ह्ये गेले. धाव्याला धाकटी जाऊ गळ्यात पडली. म्हणली, अक्का, भावजींची कशाकशाची आठवण येईल गं तुला? आता भरल्या घरात काय सांगावं? सासरा बसलेला, भटजी बसलेला. मी म्हणलं, थंडीचं दिस आल्यात बाई, त्यांचं पाय लई ऊबदार असायचं. झालं! सगळं घर ढसाढसा रडलं. सासऱ्यानं तर डोळ्याला उपरणं लावलं.”

हौसाबाईने लाटलेला पापड उचलून उन्हात टाकला.

“पाय मेले बर्फावानी गार असायचे त्यांचे.”

...

मग जे हसू फुटलं ते काही आवरेना. एकीचं लाटणं घरंगळत तुळशीपर्यंत गेलं. एकीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. “हौसे, गप गं बये!” असं तिसरी ओरडली आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसली. मावशींना ठसका लागला. हौसाबाई तेवढी कोऱ्या चेहऱ्याने पुढची लाटी घेऊन बसली.

शार्दूल आधी हसला. मग त्याला नीट कळलं. मग तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. चारशे माणसांसमोर वाट्टेल ते बोलणारा हा पठ्ठ्या आता वाळत घातलेल्या पापडांकडे बघत उभा होता. पुन्हा हसू आलं तेव्हा मात्र तो पोट धरून खाली बसला. सांडलेल्या पिठात बसला, तरी त्याला भान नव्हतं. फार वर्षांनी तो असा हसला आणि त्याला फार बरं वाटलं.

“हे... हे तुम्ही कधीपासून सांगताय?”

“तिचा दाल्ला गेला त्या सालापासनं,” पेन्शनवाली म्हणाली. “दर उन्हाळ्यात, पापडाला. आन् दर साली काय तरी नवीन जोडती, टवळी!”

पुन्हा एकदा अंगण हसलं.

पिठाच्या हातांनी डोळे पुसत शार्दूल मावशींकडे वळला. बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलला.

“मावशी... एकोणीस वर्षांत मी आईला असं हसताना पाहिलेलं नाही. एकदाही नाही. ती हसेल का हो?”

मावशींनी खाली वाकून त्याच्या गालावरचं पीठ अंगठ्याने पुसलं.

“हसती की, लेका. रोज हसती... तू आलास की गप बसती.”