तिलद्वीपाची गोडी विहीर

फार पूर्वी शूर्पारक नगरात सुयाम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व समुद्रातल्या तिलद्वीप नावाच्या बेटावर, विहिरीच्या राखणदाराच्या कुळात जन्माला आला होता. लोक त्याला वरुणदत्त म्हणत. बेट नावाप्रमाणेच तिळाएवढे. माड, मासे आणि वारा यांना तिथे तोटा नव्हता. गोडे पाणी मात्र एकाच विहिरीत होते. रोज पहाटे राखणदाराने पहिली ओंजळ चाखायची, पाणी गोड लागले की काठावर माडाची हिरवी झावळी टांगायची आणि मगच बायांनी घागरी भरायच्या, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती.

त्या बेटावर रेवा नावाची एक विधवा राहत असे. तिचा नवरा सुवर्णभूमीला जाणाऱ्या गलबतावर गेला तो गेलाच. मुलगा सोमक मोठा झाला आणि त्यानेही तीच वाट धरली, कारण बेटावर दुसरे काम नव्हते. तो समुद्रावर असला की रेवेच्या घशाखाली घास उतरत नसे. लोक म्हणत, रेवा वाऱ्याशीसुद्धा भांडते. त्यात खोटे काही नव्हते.

माघी पौर्णिमेला समुद्राला मोठी ओहोटी लागे. बेटापासून दूरच्या काळ्या खडकापर्यंत पांढऱ्या वाळूची वाट उघडी पडे आणि वर्षभर जिथे मासे पोहत तिथे एक दुपारभर माणसे चालत. हे नवल पाहायला शूर्पारकाहून चार-दोन होड्या येत. पाहुणा होडीतून उतरला की बेटावरच्या बाया घागरभर गोड्या पाण्याने त्याचे पाय धूत. पाहुण्याच्या पायाला खारे पाणी लावले तर त्याची परतीची वाट बुडते, अशी त्यांची श्रद्धा होती. पाय धुण्यात रेवेचा हात कोणी धरू शकत नसे. ती पाहुण्यांचे चेहरे विसरे, पण पाय विसरत नसे. “हे तर गेल्या वर्षीचे भेगांचे पाय!” असे म्हणून ती टाचेला खोबरेल लावी आणि मोठमोठे सावकार लहान मुलासारखे लाजत.

शहरात पाय असे कोण धुते? ही गोष्ट कुबेरक नावाच्या श्रेष्ठीच्या कानावर गेली. माणूस हसरा, गोड बोलणारा आणि हिशेबाला पक्का. त्याने नगरात दवंडी पिटवली. पुढच्या वर्षी वीस होड्या आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी चाळीस. बेटावर मांडव पडले. शहाळी, भाजलेले मासे, शंखांच्या माळा सगळे हातोहात खपू लागले. धक्के बांधायला, मांडव आणि माळा तयार करायला वर्षभर माणसे कमी पडू लागली, म्हणून सोमक घरी राहिला. एक नाही, सलग दोन वर्षे. रेवेने वाऱ्याशी भांडणे सोडून दिले.

तिसऱ्या वर्षीची जत्रा आटोपली. दुसऱ्या दिवशी पहाटे रेवा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी विहिरीवर गेली. वरुणदत्त काठावर उभा होता. त्याने ओंजळ तोंडाला लावली आणि बराच वेळ पाणी तोंडातच धरून ठेवले. झावळी त्याच्या पायाशी तशीच पडून होती.

“काय झालं, दादा?” रेवेने विचारले.

त्याने तिच्या हातावर पाणी घातले. तिने चाखले. पाणी मचूळ होते. कितीही नको म्हटले तरी मागाहून जिभेवर खारटपणा उरत होता.

कालचा दिवस तिच्या डोळ्यांपुढून गेला. एकेका पाहुण्याला एक घागर, आणि पाहुण्यांची रांग तर संपता संपत नव्हती. कोणी थकलेले दिसले की तिने दुसरीही घागर ओतली होती.

“हे मी केलं, दादा.”

“आपण सगळ्यांनी केलं,” वरुणदत्त म्हणाला. “प्रेमानंच केलं. पण प्रेमानं उपसलं की हावेनं, विहिरीला ते कुठं कळतं? खाली चहूकडं समुद्रच आहे. गोडं पाणी वर नुसतं तरंगतं. ते संपलं की खालचं वर येणार.”

त्याच दिवशी मुक्कामाला राहिलेल्या कुबेरकाने गाव जमवले. त्याच्या मनात मोठा बेत होता. पुढच्या वर्षी जत्रा तीन दिवसांची करायची आणि साठ होड्या आणायच्या. पोरांनी माना डोलावल्या. सोमकाने तर धाकटा धक्का कुठे बांधायचा ते वाळूत रेघोट्या ओढून दाखवले.

वरुणदत्त शांतपणे म्हणाला, “शेठजी, पुढच्या वर्षी बारा होड्या आणि एकच दिवस. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं विहीर पाहून पाहुणे बोलवावेत.”

कुबेरक हसला. त्याने राखणदाराला बाजूला नेले आणि हलक्या आवाजात सांगितले, “तू फक्त रोज झावळी टांगत जा. उद्या विहीर आटलीच, तर शूर्पारकात तुला तळ्याकाठी घर देतो. जन्मभर गोडं पाणी पी.”

“आणि बाकीच्यांनी काय प्यायचं?” वरुणदत्ताने विचारले. कुबेरक वाईट माणूस नव्हता. हा प्रश्न त्याला कधी कोणी विचारलाच नव्हता.

वरुणदत्त गावापुढे परत आला. “झावळी मी खोटी टांगणार नाही,” तो म्हणाला. “पण पाहुण्यांचे पाय तुम्ही बाया धुता. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी कोणाला येऊ नको म्हणणार नाही.”

सगळ्या बाया रेवेकडे पाहू लागल्या. पाय धुणाऱ्यांत तीच थोरली. बारा होड्या म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सोमकाला काम उरणार नव्हते. सोमक पुन्हा गलबतावर जाणार होता. तिने वरुणदत्ताकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत दोष नव्हता, घाई नव्हती. तिचे दुःख त्याला दिसत होते आणि ते पाहून त्याचेही डोळे भरले होते.

“बाराच होड्या येऊ देत,” रेवा म्हणाली. “सोमक गेला तरी चालेल.” मग तिने जोरात मान हलवली. “नाही, चालणार नाही मला. पण विहीर गेली तर तो परत येईल कुठं?”

सोमकाने वाळूतल्या रेघोट्या हाताने पुसल्या.

श्रेष्ठी परत जायला होडीत चढला तेव्हा वरुणदत्ताने त्याला एकच गोष्ट सांगितली. “नगरात खरं काय ते सांगा. आमची विहीर थकली आहे. येणाऱ्यानं आपल्या घरून एक घागर पाणी घेऊन यावं.”

“पाहुण्याला पाणी आणायला सांगायचं?” कुबेरक म्हणाला. “कुत्रंही फिरकायचं नाही!”

पावसाळ्याआधीची गलबते निघाली तेव्हा सोमक त्यांत होता. बेटावरचे लोक शहाळी पिऊन आणि मचूळ पाण्यात भात शिजवून दिवस काढू लागले. विहिरीतून प्रत्येक घराला रोज मोजकेच पाणी मिळे, आणि वरुणदत्त आपल्या वाट्याची अर्धी घागर बाळंतिणींच्या घरी पोचवी. मग पाऊस पडला, भरपूर पडला, आणि कार्तिकात एके पहाटे विहिरीवर हिरवी झावळी दिसली. त्या दिवशी बाया घागरी भरायचे सोडून तिच्याकडेच पाहत राहिल्या.

माघी पौर्णिमा आली. श्रेष्ठीने निरोप नगरात जसाच्या तसा सांगितला होता, पण त्याचा अंदाज साफ चुकला. बाराच होड्या म्हटल्यावर जागेसाठी नगरात अशी चढाओढ लागली, की तो स्वतः तोंडात बोट घालून बसला. प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर घागर होती. वाटेत हिंदकळेल म्हणून सगळे तिला सांभाळत आले होते, आणि पाणी म्हणजे काय ते बेटावर उतरायच्या आधीच त्यांना कळले होते.

बाया आता घागरीऐवजी ओंजळीने पाय धूत होत्या. रेवा मान खाली घालून बसली होती. पाय येत होते, जात होते. शेवटच्या होडीतून उतरलेले दोन पाय तिच्यापुढे थांबले. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

तिच्या ओंजळीतले पाणी सांडले.

“आई, वर बघ की.”

तिला वर बघवेना. ती पाय धरूनच बसली. सोमकाने खांद्यावरची घागर उतरवली, खाली बसला आणि शूर्पारकाच्या तळ्याचे गोडे पाणी तिच्या पायांवर ओतले. साऱ्या जन्मात रेवेचे पाय कोणी धुतले नव्हते. ती “अरे, सांडू नको, सांडू नको” एवढेच म्हणत राहिली.

“गलबत शूर्पारकाला परत लागलं आणि शेठजींनी मला या होड्यांचा म्होरक्या, तांडेल केलं,” तो म्हणाला. “आता शूर्पारकापर्यंतच ये-जा. दर आठ दिवसांनी पाण्याच्या घागरी घेऊन घरी येईन.”

ओहोटी पूर्ण लागली होती. वाळूची वाट उघडी पडली होती आणि पाहुणे तिकडे निघाले होते. ही दोघे मात्र तिथेच बसून राहिली. जरा दूर, विहिरीच्या काठावर उभा राहून वरुणदत्त त्यांना पाहत होता.

एवढी मागल्या जन्मीची गोष्ट सांगून विहारात बसलेले शास्ता, भगवान बुद्ध, थांबले आणि समोरच्या भिक्खूंना म्हणाले, “त्या जन्मीची रेवा म्हणजे विहाराच्या दारात आल्यागेल्याचे पाय धुणारी ही उपासिका कालिंदी. तिचा सोमक म्हणजे पाण्याच्या घागरी वाहणारा आपला भिक्खू सोमिल. कुबेरक आज गृहपती कपर्दी होऊन भिक्षा वाढतो, आणि वाढण्याआधी मागे किती उरले ते पाहतो. विहिरीचा राखणदार मी होतो. देणे चांगलेच, पण ज्यातून द्यायचे ते जपून देणे अधिक चांगले. या गुणाला मात्रज्ञता म्हणतात.”

कालिंदी दारात उभी होती. तिने हातातल्या तांब्याकडे पाहिले आणि तो अर्धाच भरून घेतला.