पोर्थवेनच्या धक्क्यावरच्या सहा हाका

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, जिथे जमीन संपते आणि नुसते खडक उरतात, तिथे पोर्थवेन नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. त्या गावात हेस्टर नावाची बाई होऊन गेली. तिने धुक्यातल्या होड्या नुसत्या हाकांनी ओढून आणल्या, असं म्हणतात.

साल होतं एकोणीसशे चाळीस. जर्मन सैन्य समुद्रापलीकडे येऊन ठेपलं होतं. लोणी-साखर रेशनवर होती, खिडक्यांना काळे पडदे होते, आणि घरोघरची पातेली विमानं बनवायला गेली होती. त्यातच हुकूम आला, की चर्चच्या घंटा वाजवायच्या नाहीत. वाजल्या तर शत्रू उतरला असं समजायचं.

पोर्थवेनला हा हुकूम जड गेला. कारण धुकं पडलं की तिथे सहा घंटा एकामागून एक वाजवत, आणि त्या आवाजाच्या रोखाने होड्या खडक चुकवून घरी येत. सहावी घंटा सगळ्यात जड. ती हेस्टर ओढायची.

सप्टेंबरातल्या एका दुपारी सहा होड्या समुद्रात असताना धुकं उतरलं. चालणाऱ्याला स्वतःचे पाय दिसेनात. सहाव्या होडीत हेस्टरचा एकुलता एक मुलगा होता, जोरी.

ती चर्चकडे धावली. दारात गावचा पोलीस विल्फ्रेड उभा होता.

"हेस्टरबाई, नाही. घंटा वाजली तर सगळा किनारा बंदुका घेऊन उठेल."

"बरं, घंटेला हात लावत नाही. पण माझ्या तोंडावर काही हुकूम आलाय का रे?"

"तुमच्या तोंडावर हुकूम काढायची सरकारची छाती नाही."

धक्क्यावर बायका जमल्याच होत्या. जी ती आपापल्या माणसाच्या नावाने ओरडत होती.

"गप्प बसा!" हेस्टर गरजली. "बाजार भरवलाय? या गलक्यात त्यांना दिशा कशी कळणार? घंटा कधी एकदम वाजतात का?"

तिने सहा जणींना रांगेत उभं केलं. एका होडीला एक नाव, एका नावाला एक बाई. पहिलीची हाक संपली की दुसरीची, मग तिसरीची, आणि शेवटी हेस्टरची, "जोरी!" पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा खडकांवरचे समुद्रपक्षी गप्प झाले, लाटांनी आवाज खाली घेतला, आणि दोन कोसांवरच्या मच्छीमारांना सहा घंटा स्पष्ट ऐकू आल्या, असं म्हणतात.

पहिली होडी धुक्यातून बाहेर आली. पहिली हाक देणारी मेरी नवऱ्याकडे धावणार, तोच हेस्टरने तिचा दंड धरला. "जागा सोडू नकोस. एक हाक गळली तर बाकीचे चुकतील."

मेरी थांबली. भिजलेला नवरा तिच्यामागे उभा राहिला आणि तिच्या आवाजात आवाज मिसळू लागला. मग दुसरी होडी आली. तिसरी, चौथी, पाचवी आली. एकीनेही जागा सोडली नाही.

सहावी आली नाही.

दिवस मावळताना हेस्टरचा आवाज फाटला. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. तेव्हा सहाव्या पाळीला सगळा धक्का ओरडला, "जोरी!" पुढची पाळी आली, पुन्हा ओरडला.

सकाळी समुद्र स्वच्छ होता आणि रिकामा होता. घंटा खरंच कुणी वाजवल्या का, ते विल्फ्रेडने चर्चच्या मनोऱ्यात जाऊन पाहिलं. हुकूम आल्यावर घंटांचे दोर बांधून ठेवले होते, त्यांच्या गाठी जशाच्या तशा होत्या, पण मोठ्या घंटेला हात लावला तर ती आतून थरथरत होती. तीन दिवस थरथरत होती, असं म्हणतात.

हेस्टर त्यानंतर अकरा वर्षं जगली. तिचा आवाज परत आला नाही.

आजही सप्टेंबरात पहिलं धुकं पडलं की पोर्थवेनचे लोक घंटांना हात लावत नाहीत. सहा जण धक्क्यावर रांगेत उभे राहतात आणि बाहेर गेलेल्या आपल्या माणसांना हाका मारतात. सहावी जागा हेस्टरची. ज्याचं माणूस अजून परत आलेलं नाही, त्याने तिथे उभं राहायचं.

गेल्या वर्षी तिथे एक मुलगी उभी होती. कुठल्याशा लढाईतून पळून, दोन देश ओलांडून गावात आलेली. तिने आपल्या भावाचं नाव हाकारलं. गावात कुणालाच ते नाव नीट उच्चारता येईना. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश. लोकांनी ते घोकलं.

मग सहावी पाळी आली, आणि सगळा धक्का तिच्या भावाच्या नावाने ओरडला.