होळीनंतरची थंडी

डोंगराच्या उत्तर अंगाला, उतारावर वसलेल्या एका गावात दौलतराव नावाचा एक पाटील होता. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढचे ऐकून कोणालाही तसे वाटेल. तो कोणाचा बांध कोरत नसे, पंगतीत सगळ्यांच्या शेवटी बसे आणि गावची रीत जिवापाड जपे. घोळ झाला तो या जपण्यातच.

रीत अशी होती. होळी पेटली की पाटील ज्वाळांसमोर उभा राहून विचारी, "थंडी गेली का?" सारा गाव ओरडे, "गेली!" असे तीनदा झाले की घराघरातले शेकोटीचे उरलेसुरले सरपण होळीत पडे. दुसऱ्या दिवशी घोंगड्या झटकून, कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर जात. त्यानंतर शेकोटी पेटवायची नाही. थंडीचे नावही काढायचे नाही. निरोप दिलेल्या पाहुण्याला मागून हाक मारू नये, तसेच हे, असे जुने लोक सांगत. त्यातून कोणी कुडकुडलाच, तर लोक त्याला म्हणत, "ओल्या होळीचा!" म्हणजे ज्याची होळी धड पेटलीच नाही असा. हे नाव एकदा चिकटले की पिढ्यान्‌पिढ्या निघत नसे. गावात 'ओले' आडनावाचे एक घरच होते. त्यांच्या पणजोबांनी एकदा धुळवडीला कानटोपी घातली होती म्हणे.

रीतही तशी वाईट नव्हती. बहुतेक वर्षी थंडी खरोखरच होळीला जाई, म्हणून तर ही रीत पडली. पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे. एवढी साधी गोष्ट माणसांना कोणत्या भाषेत सांगावी, कोण जाणे.

त्या वर्षीही होळी पेटली. पाटलाने विचारले, गाव ओरडला. धुळवडीला ऊन असे पडले की पोरे उघड्या अंगाने रंग खेळली.

पाटलाच्या पडीक रानात त्या दिवसांत म्हाकू धनगराची मेंढरे बसलेली होती. मेंढरे रात्री शेतात बसली की लेंडीखत मिळते, म्हणून शेतकरी धनगराला आग्रहाने बोलावतात. म्हाकू आणि त्याची बायको धुरपदा दरसाल येत. होळी झाली की मेंढरांची लोकर कातरायची, हे धनगरांचेही ठरलेले. नवराबायकोने कात्र्या परजल्या आणि सगळा कळप कातरून काढला. मेंढरे सोललेल्या रताळ्यांसारखी दिसू लागली. जाळीच्या कुंपणात ती दाटीवाटीने उभी राहत, आणि त्यांच्या पायांत नुकती जन्मलेली कोकरे लुटूलुटू हिंडत.

आणि मग उत्तरेचा वारा सुटला.

असा वारा त्या गावाने कधी अनुभवला नव्हता. जनावरांच्या हौदात पाण्यावर बर्फाची पापडी धरली. गवतावरचे दव पांढरे होऊन कडकड वाजू लागले. वांग्यांची रोपे एका रात्रीत काळी पडली. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला लोकांनी विचारले, "आजोबा, असं कधी पाहिलं होतं का?" म्हाताऱ्याने नाक पुसले, इकडे तिकडे पाहिले आणि म्हणाला, "हवा जरा स्वच्छ पडलीय, एवढंच."

जनावरांना असे बोलता येत नाही, म्हणून त्यांनी जे खरे होते तेच केले. वडाखाली सकाळी पोपट गळून पडलेले दिसू लागले. आग्या मोहोळाखाली मेलेल्या माशांचा सडा पडला. माणसाच्या सावलीला भिणारे ससे गोठ्यात शिरून बैलांच्या पोटाशी बसले, आणि बैलांनी त्यांना बसू दिले. वानरांची अख्खी टोळी डोंगर उतरून चावडीपुढे आली आणि होळीच्या राखेत बसली. राखेच्या पोटात अजून ऊब होती. पिलांना मध्ये घेऊन, पाठी बाहेर करून ती बसून राहिली. त्यांना कोणी ओल्या होळीचे म्हटले नाही.

माणसे मात्र माणसांसारखी वागली. चुलीला बंदी नव्हती. त्यामुळे गावात अचानक स्वयंपाक वाढला. दिवसभर भाकऱ्या भाजल्या जात, आणि त्या खाणार कोण, हे कोणी विचारत नसे. नागूअण्णा वाण्याने दुकानामागे गोवऱ्या पेटवल्या. "कशाला हो अण्णा?" असे विचारताच तो म्हणाला, "डास फार झालेत." डास तर बिचारे केव्हाच मरून गेले होते.

खुद्द पाटील सकाळभर पाण्याच्या बंबाला टेकून बसे.

पाटलीणबाई म्हणाली, "अहो, किती वेळा अंघोळ कराल? कातडं निघंल."

"स्वच्छता बरी असते."

"बंबाला मिठी मारून येते होय स्वच्छता?"

पाटील बंबाला आणखी चिकटून बसला. तिने पुढे विचारले नाही. तीही चुलीपुढून उठत नव्हती.

रानात मात्र ना चूल, ना बंब. म्हाकूच्या पालात दोन घोंगड्या होत्या, त्या त्याने कोकरांवर टाकल्या. बाकीच्या कळपावर नुसते आभाळ. मेंढ्या एकमेकींत डोकी खुपसून थरथरत उभ्या राहत. वाऱ्याच्या अंगाला चारदोन शेकोट्या पेटल्या असत्या तर भागले असते. पण गावाची रीत मोडली तर गाव रानातून उठवणार, आणि अशा वाऱ्यात बोडका कळप हलवला तर वाटेतच मरणार. म्हणून संध्याकाळी म्हाकू चावडीवर गेला.

चावडीवर बरेच लोक बसले होते. सगळ्यांनी हात काखेत घातले होते, पण चेहरे असे, की जणू वैशाखातला वारा खात बसलेत.

म्हाकू म्हणाला, "पाटील, रानात शेकोटी लावू द्या."

"कशाला?"

म्हाकूने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले. खरे कारण त्याच्या जिभेवर होते. पण इतक्या माणसांत ते बोलायचे, म्हणजे पुढच्या वर्षापासून म्हाकू ओल्या होळीचा. तो चाचरला. "लांडग्याचं भ्या हाय."

"लांडगा कुठला यायला?" कोपऱ्यातून एक जण म्हणाला. "तो गारठून पडलाय बिळात." मग त्याने जीभ चावली. "म्हणजे... उन्हानं."

कोणी हसले नाही. हसायला तोंड उघडावे लागते, आणि दात वाजत होते.

"तुझी कुत्री आहेत की लांडग्याला," दौलतराव म्हणाला. "म्हाकू, खरं सांग. तुला थंडी तर वाजत नाही ना?"

आता याला काय म्हणावे? विचारणाऱ्याच्या ओठांवर निळाई आलेली आणि ज्याला विचारले तो उभ्या जागी कुडकुडतोय. तरीही म्हाकू म्हणाला, "नाय, पाटील. तसं काय नाय."

"मग झालं तर. होळी जळाली, थंडी पळाली. नसलेल्या थंडीला शेकोटी कशाला?"

आणि बैठक मोडली. घराकडे जाताना सगळे नेहमीपेक्षा भराभर चालले.

सकाळी उजाडताच धुरपदा गावात आली. तिच्या दोन्ही हातांवर एक कोकरू होते, ताठ झालेले. तिने ते चावडीच्या ओट्यावर, सगळ्यांच्या देखत ठेवले.

"पाटील, हे कशानं मेलं, सांगा."

पाटलाने खाली पाहिले. नागूअण्णा पुढे झाला. "अजीर्ण असेल. दूध जास्त झालं की कोकरांना..."

"अण्णा, त्याच्या तोंडातलं दूध गोठलंय. बोट घालून बघा."

अण्णाने बोट घातले नाही.

"अशी आनखी हायती," धुरपदा म्हणाली. "आज येळेवर काय केलं न्हाई तर सांजंपतुर कळप आडवा हुईल. माझ्या नवऱ्याला लाज वाटली. मला आता न्हाई वाटत. थंडी न्हाई म्हणता न्हवं? मग चला रानात. अंगातला सदरा काढा आनि माझ्या मेंढरांत बसा. सूर्य डोंगराच्या वर येस्तवर बसा. न्हाई वाजली, तर मी माझं तोंड काळं करून कळप घिऊन जाते."

पाटील उठला. भीतीने नव्हे, रागाने उठला. सारा गाव मागे निघाला. रानात जाऊन त्याने खरोखर सदरा काढला, जाळीत शिरला आणि मेंढ्यांच्या मध्ये मांडी घालून बसला. आणि मग जे झाले ते सांगायलाही संकोच वाटतो. पाटील एकटा पडू नये म्हणून जाळीबाहेर उभ्या गावकऱ्यांनीही सदरे काढले. बांधावर उघड्या अंगांची रांगच्या रांग उभी राहिली. प्रत्येकाच्या अंगावर काटा, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगतोय, "काय छान वाटतंय नाही मोकळं?"

धुरपदाने कपाळावर हात मारला.

पाटील दात आवळून बसला होता. दात वाजू द्यायचे नाहीत, एवढेच त्याने मनाशी धरले होते. इतक्यात एका मेंढीने आपले अंग त्याच्या पाठीला टेकवले. माया म्हणून नव्हे, जिकडे ऊब तिकडे. दुसरी येऊन त्याच्या कुशीला लागली. एका कोकराने त्याच्या पोटात डोके घुसवले. तिघांचीही अंगे थडथड उडत होती. पाटलाच्या ध्यानात आले, की कोणते थरथरणे मेंढीचे आणि कोणते आपले, हे आता त्याला वेगळे काढता येत नाही. मेंढीने काही होळीपुढे आरोळी दिली नव्हती. तिने शब्द दिला नव्हता, मग तिने तो का पाळायचा? आणि शब्द तरी त्याने कोणाच्या वतीने दिला होता? वाऱ्याच्या?

त्याने मान वर केली. तोंड उघडले. पहिल्यांदा नुसती वाफ बाहेर आली.

"मला थंडी वाजतेय," पाटील म्हणाला.

मग ओल्यांचा म्हातारा पुढे आला आणि हळूच म्हणाला, "मलाबी." त्यापुढे कोणाचे कोणाला ऐकू येईना. "मला तर परवापासून!" "माझ्या पायाची बोटं गेली!" "आमच्या बाईला ताप भरलाय!" लोक गावाकडे पळाले आणि परत आले तेव्हा प्रत्येकाच्या खांद्यावर सरपणाचा भारा होता. सगळे सरपण होळीत टाकल्याची शपथ घेणाऱ्या प्रत्येक घराने गोठ्यामागे थोडे राखून ठेवले होते. एक जण तरी अपवाद असावा, असे मनात येते. पण तसा एकही निघाला नाही. प्रत्येकाला गरज ठाऊक होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे तोंड उघडायची वाट पाहत होता.

रानाच्या उत्तर अंगाला शेकोट्या पेटल्या. माळ्यावरच्या घोंगड्या आल्या आणि मेंढ्यांच्या पाठींवर सुतळीने बांधल्या गेल्या. पाटलीणबाईने बंबच उचलून आणवला आणि कोमट पाण्यात गूळ कालवून मेंढ्यांना पाजायला बसली. थोड्या वेळाने वानरांची टोळीही आली आणि एका शेकोटीची बाजू धरून बसली. त्यांना जागा करून द्यायला माणसे सरकली.

पाटील धुरपदाजवळ गेला. "बाई, माझं चुकलं. मी..."

"माफी ऱ्हाऊ द्या. आधी हे धरा." तिने एक कोकरू त्याच्या हातात दिले. "पोटाशी घ्या. पाठ चोळत ऱ्हावा. थांबू नका."

पाटील शेकोटीशी बसला. कोकराला त्याने घोंगडीच्या आत घेतले आणि चोळत राहिला. मध्ये एकदा कोकराने त्याचे बोट तोंडात धरून चोखले. त्याने हर्षाने वर पाहिले, पण तेव्हा कोणाचे लक्ष नव्हते.

सूर्य डोंगरावर आला. मेंढ्या एकेक करून बसल्या आणि रवंथ करू लागल्या. म्हाकूने सगळ्या कळपातून फेरी मारली आणि बायकोला खूण केली: वाचला. कळप वाचला होता.

"धुरपदाबाई," पाटील म्हणाला, "हे हलत नाही."

तिने कोकरू घेतले, कान लावला आणि मान हलवली. "ह्याला उशीर झाला, पाटील."

पाटील तसाच बसून राहिला, दोन्ही हात पुढे धरून, जणू ते अजून हातातच आहे.

नागूअण्णाने उसासा टाकला. "कालच चावडीवर बोलायला हवं होतं पाटलांनी."

"खरंय," आजूबाजूचे म्हणाले. "आम्हाला तर पहिल्या दिवसापासून वाजत होती."

धुरपदा वळली. "मग अण्णा, तुमचं तोंड कुणी शिवलं हुतं? आनि तुमचं? आनि," ती नवऱ्याकडे पाहून थांबली, "तुमचं वो, लांडगेवाले?"

म्हाकूने मान खाली घातली. बाकीच्यांनीही घातली.

पाटील उठला आणि कोणाला न सांगता खड्डा खणायला गेला. जमीन थंडीने इतकी टणक झाली होती की पहिला घाव घालताच कुदळ उसळून परत आली. त्याने दुसरा घाव घातला.

तात्पर्य: रीत कितीही जुनी असली तरी आजची हवा अंगावर घेऊनच ती पाळावी; आणि जे सगळ्यांना जाणवते ते आधी दुसऱ्याने बोलावे म्हणून जो गप्प बसतो, तो त्या गप्प बसण्याने जे मरते त्याचा धनी होतो, मग तो पाटील असो की बांधावर उभा असलेला शेवटचा माणूस.