काट्यावरची लोकर

अहो ताई, हात मागं घ्या! त्या बोरीच्या काट्यांवरची लोकर अशी उगाच ओढायची नसते. जेन बघायला आलात ना, मग आधी ही बोर बघा. आमच्या धनगरवाड्यावर जेन विणत नाहीत. लोकर पिंजून पसरायची, वर गरम पाणी शिंपडायचं, गुंडाळी करून पायांनी मळायची, की झालं जाड अंथरूण. पण तिच्यातला शेवटचा पुंजका या बोरीवरूनच यावा लागतो. का ते सांगतो, बसा असे सावलीला.

फार मागं, म्हणे, इथं लगमाबाई नावाची मेंढकी राहायची. मेंढ्या नुकत्याच कातरल्या होत्या आणि अवचित गारपीट झाली. धुवायला टाकलेली लोकर ओढ्याच्या लोंढ्यात गेली, होती नव्हती ती घोंगडी चिंब भिजली. आणि तिचं तान्हं पोर गारठून निळं पडत चाललेलं. अंगावर लोकर राहिली होती एकाच मेंढीच्या. ती गाभण होती, म्हणून तिला कातरलं नव्हतं.

नवरा म्हाकू म्हणाला, "कातर हिला. मेंढी दुसरी मिळंल. पोर कुठनं आणायचं?"

त्याचं तरी काय चुकलं? लगमाबाईनं कातर उचलली, मेंढीच्या पोटावर हात ठेवला, तर आतलं कोकरू हललं. या थंडीत कातरली तर दोन्ही जीव जाणार. "अगं बाई, तू बी आईच की!" असं म्हणून तिनं कातर टाकली आणि रडत रडत या बोरीपाशी आली.

असं सांगतात, की बोर काळीभोर झाली होती. काट्याकाट्याला काळी लोकर! आता मला सांगा, ती एक सोडून मेंढ्या सगळ्या कातरलेल्या, मग एवढी लोकर आली कुठून? मी आजोबांना हेच विचारलं होतं, तर त्यांनी नुसते बोरीला हात जोडले. ती ओरबाडत राहिली, बोटं रक्तबंबाळ झाली, आणि मोकळ्या झालेल्या काट्यावर पुन्हा लोकर दिसायची म्हणे. पोर पोटाशी बांधून नवराबायकोनं जेन मळली, शेकोटीशी वाळवली, त्याला तिच्यात गुंडाळलं. बऱ्याच वेळानं पोरानं टाहो फोडला. तिकडं मेंढीही सुखरूप व्याली. काळ्या जेनीच्या मधोमध मात्र तळहाताएवढा तांबडा डाग राहिला, तो धुऊनही गेला नाही.

आजही आम्ही गाभण मेंढीला कातर लावत नाही. आजही जेनीच्या मधोमध तळहाताएवढी जागा सोडतो आणि बोरीनं दिलेली लोकर तांबडी रंगवून तिथं भरतो. शहरातली माणसं विचारतात, डाग नसलेली नाही का हो? नाही. वाड्यावरचं प्रत्येक पोर पहिल्यांदा त्या डागावरच निजतं. मी निजलोय. माझी नात आत्ता तिथं आत निजलीय, तेव्हा जरा हळू बोला.