कोंडूरच्या टेकडीतले धोंडे

कोंडूरच्या तळ्याकाठी हत्तीएवढे गोल धोंडे एकमेकांवर चढून उभे आहेत. देवळापाशी बसलेले म्हातारे तुम्हाला सांगतील, इथे देवी गोट्या खेळली. त्यांचे ऐकून घ्या. मग आमच्या बायका काय सांगतात तेही ऐका.

पूर्वी इथे एकही धोंडा दिसत नव्हता म्हणे. नुसती गवताळ, मातीची टेकडी. तळ्याचा बांधही मातीचा, दर पावसाळ्यात फुटणारा. पाटलाने हुकूम काढला: घरटी एका बाईने पाच कोसांवरच्या खाणीतून डोक्यावर दगड आणायचा. वाटेत मुकादम ओरडायचा, "मान सरळ! पडला तर पुन्हा खाणीपासून!" त्या बायकांतल्या सायव्वाची जाऊ राजव्वा सहा महिन्यांची पोटुशी होती. ती त्या वाटेवरच गेली.

सुतक फिटल्यावर सायव्वा अंगणात घालायला टेकडीखालचा मुरूम आणायला गेली. कुदळ खणकन वाजली. तिने हाताने उकरले, तर कांद्यासारखे पापुद्रे सुटत गेले आणि आत निघाला टणक, गोल दगड. त्याचेच काळे-पांढरे कण भोवतीच्या मुरुमात होते. सायव्वा तडक चावडीवर गेली.

"टेकडीच्या पोटात दगड आहेत. बायकांना खाणीवर धाडू नका."

पाटील हसला. "एक गोटा सापडला, तर लागली शिकवायला! दगड काय रताळी आहेत, जमिनीत पिकायला?"

"पिकत नाहीत, पाटील. कुजतात. भेगांतून पाणी उतरतं, कोपरे खातं. कुजतो त्याचा मुरूम होतो. पाण्याला पुरून उरतो तो गोल."

"टेकडी देवीची आहे. कुदळ लावशील तर कोपेल."

"माझ्यावर कोपू दे. दगड नाही निघाले तर त्याच खड्ड्यात मला पुरा. निघाले, तर तुम्ही खाणीतून एक दगड डोक्यावर आणायचा. दर साली. तुमच्यामागं तुमच्या पोरांनी."

पाटलाने हसतच पैज मानली. दोन दिवस बायका खणत होत्या. नुसता मुरूम. मुकादम खड्ड्यात डोकावून म्हणाला, "हिला पुरेल एवढा झाला." तिसऱ्या दिवशी धोंड्याला धोंडा लागला.

हलले तेवढे बांधात गेले. सैल झालेला मुरूम पुढच्या पावसांनी धुऊन नेला आणि न हललेले धोंडे उघडे पडले, असे सांगतात.

आजही बांधाच्या पूजेला पाटलांच्या घरचा कर्ता पुरुष खाणीपासून अनवाणी चालत येतो, डोक्यावर दगड घेऊन. गेल्या साली त्यांनी विचारले, जीपमधून आणला तर चालेल का? बायका धोंड्यांवर बसल्या होत्या. सगळ्या एका सुरात ओरडल्या,

"मान सरळ, पाटील! पडला तर पुन्हा खाणीपासून!"